ग्रेपने मराठी शब्दकोडं सोडवताना शब्द सापडत नाही तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावं

चार घरांचा शब्द हवा आहे, दुसऱ्या घरात 'हा'. ओळीला एक शब्द अशी यादी फाइलमध्ये आहे. तिच्यात महाराष्ट्र आहे, बहाद्दर आहे, सहायक आहे. ग्रेपला, म्हणजे फाइलमधून पॅटर्नशी जुळणाऱ्या ओळी शोधून देणाऱ्या टर्मिनलवरच्या आज्ञेला, विचारलं तर तो पहारा, शहाणा, सहावा असे तीन घरांचे शब्द समोर टाकतो. सहायक तेवढा बरोबर निघतो, तोही योगायोगाने. महाराष्ट्र आणि बहाद्दरचा पत्ताच नाही.

टर्मिनलवर मराठी कोडी सोडवायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी इथेच अडते. आमच्या कोडीवाल्या मंडळींत कोणाचं 'चालत नाहीये' आलं की ते फिरून माझ्याकडे येतं, आणि दुखणं बहुतेक वेळा ओळखीचंच निघतं. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. आधी फुकटात आणि मिनिटभरात होणाऱ्या तपासण्या, मग वेळखाऊ, आणि शेवटी जिथे हात जोडून दुसऱ्याला बोलवावं त्या. आज्ञा आणि स्विच (आज्ञेला जोडायचे पर्याय) इथे देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टंकायचे. पॅटर्न मात्र जसेच्या तसे उचलता येतील. पॅटर्न म्हणजे शोधायच्या शब्दाचा साचा: त्यात ^ ही ओळीची सुरुवात, $ हा शेवट आणि ठिपका म्हणजे कोणतंही एक चिन्ह.

लक्षणं

- शब्द यादीत डोळ्यांना दिसतो, ग्रेप मात्र एक ओळही देत नाही.
- शब्द सापडतात, पण घरांची संख्या जुळत नाही.
- पॅटर्नच्या शेवटची $ खूण काढली की सापडतं, लावली की गायब.
- उत्तराऐवजी 'बायनरी फाइल जुळते' एवढाच निरोप येतो.
- ठरावीक शब्दच हुकतात: कऱ्हाड, वाङ्मय, ॲलर्जी.
- घरच्या लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) चालवलं की नाही.
- उत्तर येतं, पण काना-मात्रा विस्कटलेल्या दिसतात.

शेवटच्यापासून सुरुवात करू, कारण तो बहुधा बिघाडच नसतो.

दिसण्यावर जाऊ नका

देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवणं बऱ्याच टर्मिनलना जमत नाही. त्यात भर म्हणजे बहुतेक लिनक्समध्ये ग्रेपला रंग लावून ठेवलेला असतो. जुळलेला भाग लाल करण्यासाठी तो मजकुराच्या मध्ये रंगाचे संकेत घुसवतो. ते व्यंजन आणि त्याची मात्रा यांच्यामध्ये पडले की 'हा'चा काना वेगळा लोंबकळतो. उत्तर फाइलमध्ये वळवा आणि साध्या एडिटरमध्ये उघडा. तिथे नीट दिसत असेल तर तुमचा ग्रेप ठणठणीत आहे, पुढचं वाचायची गरज नाही. रंग बंद करायचा असेल तर उत्तर नुसतं पाइपने (एका आज्ञेचं उत्तर दुसरीला देणारी उभी रेघ) कॅट या आज्ञेला दिलं तरी चालतं. समोर टर्मिनल नाही हे कळलं की ग्रेप रंग लावत नाही.

याच जातीची आणखी एक शंका नेहमी येते: 'माझ्या यादीतला ल आणि श हिंदी वळणाचा आहे, म्हणून जुळत नसेल का?' नाही. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वळणाच्या अक्षरांचा निर्णय काढला हे खरं, पण देठाचा ल आणि पाकळीचा ल हा फॉन्टचा मामला आहे. आत संकेत एकच असतो.

अवतरणचिन्हं

पॅटर्न कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तुम्ही तो चिकटवला, असं असेल तर आधी अवतरणं बघा. फोन सरळ अवतरणांची गोलसर अवतरणं करून टाकतो आणि दोन वजाचिन्हांचा एक लांब डॅश. शेल म्हणजे टंकलेली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम. त्याला गोल अवतरणं म्हणजे साधी अक्षरं. तो ती पॅटर्नचा भाग म्हणूनच ग्रेपकडे देतो, आणि ग्रेप इमानेइतबारे अवतरणासकट शब्द शोधत बसतो. अवतरणं हाताने टाका, एकेरी आणि सरळ. दुहेरीत काही खुणांचा अर्थ शेल स्वतः लावतो आणि अवतरणाशिवाय तारांकनाचा तर विचका होतो.

लोकेल

लोकेल म्हणजे मशीनला भाषा आणि अक्षरसंकेत सांगणारं सेटिंग. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. सर्व्हरवर न चालणं, क्रॉनमधून न चालणं, या दोन्हींचं मूळ बहुतेकदा इथे सापडतं.

एको आज्ञेने फक्त 'प' हे एक अक्षर छापा आणि पाइपने ग्रेपला द्या. मोजणीचा छोटा सी स्विच लावा आणि पॅटर्न द्या:

^.$

उत्तर १ आलं तर ग्रेपला यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरं बाइटांत साठवायची रीत) कळतंय. ० आलं तर आता तीन ठिपके देऊन बघा:

^...$

इथे १ आलं की निदान पक्कं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि लोकेल नुसतं 'सी' किंवा 'पॉझिक्स' असलं की ग्रेपचा ठिपका म्हणजे एक बाइट. तिथे 'पुस्तक' शोधायला अठरा ठिपके लागतील. क्रॉन अगदी मोजक्या सेटिंगांवर चालतो, त्यामुळे घरी चालणारी आज्ञा तिथे अशी बहिरी होते.

उपाय म्हणजे एलसी-ऑल या चलाला 'सी डॉट यूटीएफ-८' ही किंमत द्यायची, आज्ञेच्या आधी त्याच ओळीत किंवा स्क्रिप्टच्या डोक्यावर. मराठी लोकेल उपलब्ध असलं तरी या कामासाठी मी ते मुद्दाम टाळतो. क ते ह असा पल्ला चौकटी कंसात दिला तर त्याचा अर्थ लोकेलच्या वर्णक्रमाप्रमाणे लागू शकतो, आणि आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या क्रमात तो ल आणि व यांच्यामध्ये बसलेला आहे. 'सी डॉट यूटीएफ-८' मध्ये क्रम युनिकोडचाच राहतो, म्हणून ळ कधी सापडला, कधी निसटला असं होत नाही.

गंमत अशी की ग्रेप मुळात लिहिला केन थॉम्पसनने, सत्तरच्या दशकात, आणि १९९२ मध्ये रॉब पाइकबरोबर यूटीएफ-८ ची आखणी केली तीही त्यानेच. आज लिनक्सवर असतो तो ग्नूचा वेगळा ग्रेप, तरी दोन्ही टोकांना एकच माणूस सापडतो आणि आपण मधल्या खड्ड्यात.

फाइलची शेपूट आणि डोकं

$ लावलं की गायब, काढलं की हजर, या लक्षणाचं कारण बहुतेक वेळा एकच: फाइल विंडोजमधून आली आहे. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात, लिनक्समध्ये एक. जास्तीचं चिन्ह शब्दाला चिकटून राहतं आणि $ च्या आड येतं. 'फाइल' नावाची आज्ञा यादीवर चालवा. ती 'सीआरएलएफ' म्हणाली की डॉस-टू-युनिक्स चालवून मोकळे व्हा.

त्याच उत्तरात 'बॉम' दिसला तर फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक अदृश्य खूण आहे. तिच्यामुळे फक्त पहिला शब्द ^ शी जुळत नाही, म्हणून हा दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही. डॉस-टू-युनिक्स तोही काढतो.

आणि ती 'यूटीएफ-१६' म्हणाली तर 'बायनरी फाइल जुळते'चं कोडं सुटलं. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये जतन करताना 'युनिकोड' हा पर्याय निवडला की फाइल यूटीएफ-१६ मध्ये जायची. २०१९ पासूनच्या नोटपॅडमध्ये मूळ निवडच यूटीएफ-८ आहे. आयकॉन्व्ह आज्ञेने रूपांतर करा. ग्रेपला 'मजकूरच समज' असं सांगणारा स्विच लावून निरोप गप्प करता येतो, पण त्याने शब्द सापडत नाही. तो स्विच या कामाचा नाही.

ओळीच्या शेवटी एखादी मोकळी जागा राहिली असेल तर लक्षण हेच दिसतं. तीही याच टप्प्यावर सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने छाटून टाका. मूळ फाइलची प्रत ठेवूनच. जागच्या जागी बदल करणारा सेडचा स्विच वापरताना चुकीला माफी नसते.

खरं दुखणं: ठिपका म्हणजे घर नव्हे

वरचं सगळं ठीक असूनही लांबी जुळत नसेल तर तुम्ही मूळ गाठीपाशी आलात.

इंग्रजी कोड्यात एक घर म्हणजे एक लेटर, आणि ग्रेपचा ठिपकाही तेवढाच. मराठी कोड्यात घरात बसतं अख्खं अक्षर, म्हणजे मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं घेऊन. युनिकोडमध्ये मात्र व्यंजन वेगळं, काना वेगळा, हलन्त वेगळा. ही रचना भारतीय इस्की संकेतावरून आली, आणि टंकलेखनासाठी ती सोयीचीच आहे. फक्त कोड्यासाठी नाही.

महाराष्ट्र घ्या. घरं चार: म, हा, रा, ष्ट्र. चिन्हं दहा: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. बाइट तीस. आता सुरुवातीच्या प्रश्नासाठी ग्रेपला दिलेला पॅटर्न बघा:

^.हा..$

यात एक चिन्ह, मग हा, मग दोन चिन्हं. पहारा बसतो, कारण 'रा' हीच दोन चिन्हं. शहाणा आणि सहावा त्याच न्यायाने. सहायक बसतो, कारण त्यातलं य आणि क मात्रेविना आहेत. बहाद्दरमध्ये हा नंतर द, हलन्त, द, र अशी चार चिन्हं आहेत, तो कसा बसणार? ग्रेप चुकत नाहीये. आपण त्याला चिन्हं मोजायला सांगितलं आणि उत्तर घरांत मागितलं.

यावर लोक दोन तऱ्हेचे उपाय करतात. पहिला म्हणजे ठिपक्यांऐवजी 'एक ते चार चिन्हं' असा अंदाजपंचे पॅटर्न लावणं. त्याने शंभर ओळी येतात आणि घरं बोटांवर मोजत बसावं लागतं. करू नका.

दुसरा जरा शहाणा आहे: पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या पद्धतीचा मोठा पी स्विच लावून ठिपक्याच्या जागी उलटी तिरपी रेघ आणि मोठा एक्स. याचा अर्थ 'डोळ्यांना एक वाटणारं अक्षर'. काना-मात्रेपुरतं हे छान चालतं. जोडाक्षरापाशी गोची होते. युनिकोडच्या जुन्या नियमात हलन्तानंतर तुकडा पडायचा, त्यामुळे पुस्तकची घरं पु, स्, त, क अशी चार होतात. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हा नियम बदलला आणि स्त एकसंध ठेवला. पण तुमच्या मशीनवरची लायब्ररी (ग्रेप वापरतो तो तयार कोड) कोणत्या नियमाने चालते त्यावर उत्तर अवलंबून. एकाच घरातले दोन संगणक वेगवेगळी घरं मोजतात आणि मग भांडण. 'पुस्तक' वर तपासून बघा. तीन घरं निघाली तर वापरा, चार निघाली तर नाद सोडा.

मी अक्षराची व्याख्या स्वतःच लिहितो. मोठ्या पी स्विचसह एका घराचा पॅटर्न असा:

(([क-ह]्)*[क-ह][ा-ौ]?|[अ-औॲ])[ँंः]?

वाचायला भीतीदायक आहे, आशय साधा आहे. हवी तितकी अर्धी व्यंजनं, मग एक पूर्ण व्यंजन, मग असली तर एक मात्रा. नाहीतर एक स्वर. आणि शेवटी असला तर अनुस्वार, चंद्रबिंदू किंवा विसर्ग. ऱ आणि ळ हे क ते ह या पल्ल्यात युनिकोडच्या क्रमाने आपोआप येतात, ॅ आणि ॉ मात्रांच्या पल्ल्यात. क्ष आणि ज्ञ यांना वेगळं काही करावं लागत नाही, ती जोडाक्षरंच आहेत.

या पॅटर्नची खुबी अशी की पुढचं घर मात्रेने सुरूच होऊ शकत नाही. त्यामुळे तुम्ही 'त' दिलात तर तो 'ता' किंवा 'ती'च्या पोटात घुसून खोटा जुळत नाही. नुसत्या ठिपक्यांच्या पॅटर्नमध्ये हा घोटाळा सतत होतो.

टंकताना एक अडचण येईल: चौकटी कंसानंतर लगेच मात्रा टाकली की ती कंसाला चिकटल्यासारखी दिसते, कधी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते. दिसू दे. हे लांबलचक प्रकरण शेलच्या एखाद्या चलात भरून ठेवा म्हणजे दरवेळी लिहावं लागत नाही. बॅशमध्ये चलाचं नाव देवनागरीत चालत नाही, ते रोमनच ठेवा. मॅकच्या सोबत येणाऱ्या ग्रेपला मोठा पी स्विच नाही. तिथे ग्नू ग्रेप वेगळा बसवा किंवा सरळ पर्ल वापरा.

कायमचा इलाज: यादीच फोडून ठेवा

रोज कोडं सोडवणाऱ्याने दरवेळी हा मंत्र म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅटर्न शहाणा करत बसण्यापेक्षा यादी एकदाच शहाणी करा. वरच्याच पॅटर्नने प्रत्येक अक्षरानंतर स्वल्पविराम टाकायचा आणि शेवटचा काढून टाकायचा:

म,हा,रा,ष्ट्र
ब,हा,द्द,र
पु,स्त,क
रा,य,ग,ड

हे काम पर्लने करावं. त्याला दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगाव्या लागतात: फाइल यूटीएफ-८ आहे (सी, एस, डी ही अक्षरं असलेला स्विच) आणि आज्ञेत लिहिलेली देवनागरीही यूटीएफ-८ आहे (यूटीएफ-८ नावाचं मॉड्यूल). दुसरी विसरली की पर्ल तक्रार न करता पॅटर्नमधल्या अक्षरांचे बाइट-बाइट तुकडे धरतो आणि यादीत एकही स्वल्पविराम पडत नाही. तुमची फोडलेली यादी मूळ यादीसारखीच दिसत असेल तर आधी हे तपासा.

आता 'चार घरं, दुसरं हा' असं विचारायला साधा, कसलाही स्विच नसलेला ग्रेप पुरतो. यात [^,]* म्हणजे स्वल्पविराम सोडून काहीही, अर्थात एक घर:

^[^,]*,हा,[^,]*,[^,]*$

महाराष्ट्र, बहाद्दर, सहायक, तिघं हजर, आणि पहारा-शहाणा बाहेर. हा पॅटर्न लोकेल बिघडलेलं असतानाही चालतो, कारण ग्रेपला देवनागरी कळण्याची गरजच उरत नाही. तो फक्त स्वल्पविराम मोजतो. फोनवर टर्मक्समध्ये, जुन्या मशीनवर, परक्या सर्व्हरवर, सगळीकडे एकच उत्तर.

वर आणखी एक फायदा: पहिलं आणि शेवटचं घर सारखं असलेले तीन घरांचे शब्द हवेत? मागचा संदर्भ वापरा, म्हणजे कंसात जे जुळलं तेच \1 च्या जागी पुन्हा.

^\([^,]*\),[^,]*,\1$

नयन, कनक, कडक, डालडा असे सगळे येतील. डालडामध्ये 'डा' दोन चिन्हांचा आहे याची ग्रेपला फिकीर नाही. हाच पॅटर्न पाच घरांना वाढवला की नवजीवनसारखे उलटसुलट सारखे शब्द सापडतात. चिन्हांच्या हिशेबात नवजीवन उलटा सारखा नाहीच, कारण मधल्या 'जी'ची मात्रा उलटताना ज च्या आधी येते.

ठरावीकच शब्द हुकतात

'कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरचं शहर, तीन घरं.' उत्तर कऱ्हाड, आणि यादीत तो असूनही सापडत नाही. इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बाइट बघा. तो एकच शब्द फाइलमधून काढून हेक्सडंपला, म्हणजे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या आज्ञेला, द्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 'ई० ए४' किंवा 'ई० ए५' ने सुरू होतं आणि ओळीच्या शेवटी '०ए' असतो. त्याखेरीज काही दिसलं की चोर सापडला. बहुधा तो 'ई२ ८० ८डी' असतो, म्हणजे यू+२००डी हा शून्य रुंदीचा जोडक.

कऱ्हाडमधला तो आडवा अर्धा र लिहायच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे हा अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, ग्रेपला दोन वेगळे शब्द. नुसतं युनिकोडचं सामान्यीकरण करून, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणून, हे मिटत नाही. र आणि खाली नुक्ता अशी जोडी असेल तर ती त्याने ऱ होते, पण जोडकाचं रूप तसंच राहतं.

सेडने आधी 'र, हलन्त, २००डी' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' टाका. त्यानंतर, आणि त्यानंतरच, उरलेले सगळे २००डी आणि २००सी पुसा. क्रम उलटा झाला तर आचाऱ्यांना जेवण सांगायच्या ऐवजी तुम्ही आचार्यांना सांगाल, आणि दऱ्यांचा दर्या होईल. हे नुकसान नंतर कोणत्याही आज्ञेने भरून निघत नाही.

२००सी पुसण्याचं कारण वाङ्मय. ङ आणि म यांचं जोडाक्षर होऊ नये म्हणून अनेक जण मध्ये हा शून्य रुंदीचा अडसर टाकतात. कोड्यात त्याची घरं वा, ङ्म, य अशी तीनच असतात, तेव्हा अडसर काढलेला बरा.

ॲ चं दुखणं निराळं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन, म्हणजे दोन चिन्हांत लिहिलेला असतो, आणि काही जण हिंदी कळफलकावरचं ऍ वापरतात. तिन्हींचं एकच करा, ॲ. इथेही सामान्यीकरण मदतीला येत नाही, हाताने बदल लागतो. ऑ च्या जागी आ वर चंद्र असंही सापडतं, तेही याच फेरीत उरका. शेवटी हलन्त असलेले जुने तत्सम शब्द यादीत असतील तर एका घराच्या पॅटर्ननंतर ऐच्छिक हलन्त जोडा, नाहीतर त्यांचं शेवटचं अक्षर अर्धवट फुटेल.

ही सफाई यादी फोडण्याच्या आधी करायची. ज्या ओळींत स्वल्पविरामांखेरीज देवनागरीबाहेरचं काही उरलं असेल त्या ग्रेपनेच वेगळ्या काढा. ती उरलेली फाइल चाळली की यादीची तब्येत कळते.

यादी कुठून आली?

शुद्धलेखन तपासनिसाची हनस्पेल फाइल वापरत असाल तर तिच्या पहिल्या ओळीत शब्दांची संख्या असते आणि बऱ्याच शब्दांपुढे तिरपी रेघ देऊन प्रत्ययांच्या खुणा. त्या रेघेपासून पुढचं छाटलं नाही तर $ कधीच जुळणार नाही. विकिपीडियाच्या शीर्षकांची यादी गावं, नद्या, माणसं यांसाठी उत्तम, पण तिच्यात मोकळ्या जागेऐवजी अधोरेषा असते आणि काही नावांमागे कंसातलं स्पष्टीकरण.

मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशावरून केलेली यादी असेल तर लेखन जुनं आहे हे लक्षात ठेवा. कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि आजचे लेखननियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. तिथे कवि, गुरु ऱ्हस्व आहेत, कांहीं आणि नांव यांच्यावर न उच्चारले जाणारे अनुस्वार आहेत. दोन्ही रूपं चालतील असं विचारायचं तर मोठा ई स्विच लावून (वि|वी) असा पर्याय द्या. चौकटी कंसात दोन मात्रा टाकण्यापेक्षा हा बरा, कारण लोकेल गडबडलं तरी तो टिकतो. सगळे अनुस्वार सरसकट पुसण्याचा मोह आवरा. संत आणि सत यांत फरक आहे.

इथे थांबा

यादी पडद्यावर मराठी दिसते, पण फॉन्ट बदलला की रोमन अक्षरांची खिचडी होते, असं असेल तर ती युनिकोडमध्ये नाहीच. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या डीटीपी फॉन्टांत अक्षरांच्या तुकड्यांना रोमन संकेत दिलेले असतात, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी बसते. पन्नास-शंभर शब्द असतील तर परत टंका. हजारोंनी असतील तर त्या नेमक्या फॉन्टचं रूपांतर करणाऱ्या डीटीपीवाल्याला पैसे देऊन काम सांगा. स्वतः सेडचे नियम लिहायला बसाल तर महिना जाईल आणि रफार तरीही चुकीच्या जागी बसेल.

फाइलमध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकटीतली प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर मूळ अक्षरं गेलेली आहेत. कोणी तज्ज्ञही ती परत आणू शकत नाही. मूळ प्रत मागवा.

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या सर्व्हरवर यूटीएफ-८ लोकेलच नसेल तर ते बसवायला रूटचे हक्क लागतात. तिथल्या ॲडमिनला विनंती करा, स्वतः सेटिंग उचकटू नका. स्वल्पविरामांची यादी तोवर तिथेही चालते.

ग्रेपने 'इनपुट-आउटपुट एरर' दिली तर प्रश्न कोड्याचा नाही, डिस्कचा आहे. परत परत चालवून बघू नका, सफाईच्या आज्ञा तर मुळीच नकोत. महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे हलवा आणि मशीन हार्डवेअरवाल्याकडे न्या.

आणि फोडलेल्या यादीत नुसता तो शब्द, खुणांशिवाय, शोधूनही मिळाला नाही, तर तो यादीतच नाही. मग ग्रेपशी झटापट नको. ज्यांच्या घरी रविवारची पुरवणी पेन्सिलीसकट वाचली जाते अशा एखाद्या काकूंना फोन लावा, आणि त्यांनी सांगितलेला शब्द लगेच यादीत घाला, स्वल्पविरामांसकट.